शेवटच्या बांधीचा माणूस

बिसेन पुस्तक न घेता वर्गात जात, हे मला पहिल्या दिवसापासून खुपलं. इंग्रजांच्या राज्यातलं नागपूरचं कॉलेज. आम्ही दोघेही अर्थशास्त्र शिकवायचो, आणि दोघेही गोंदियाकडचे. मी मुर्रीचा, ते कामठ्याचे. मी विलायती पुस्तकातला गव्हाचा बाजार इंग्रजीत समजावून घसा कोरडा करत असे, तेव्हा भिंतीपलीकडून त्यांच्या वर्गाचं हसू ऐकू येई. मुलानं पाठ केलेली व्याख्या म्हटली की बिसेन फक्त कारण विचारत, “काऊन?” माझे विद्यार्थी हळूहळू तिकडेच जाऊन बसू लागले. माझ्या पोटात दुखायचं, दुसरं काय!

त्यांनी एकच ध्यास घेतला होता. परीक्षेला एक पेपर आपल्या गावांच्या व्यवहारावर हवा, आणि तोही मराठीत. “भात खाऊन राहिलो आपन, अन् गहू शिकवून राहिलो. काऊन, भाऊ?” मी जास्तच चिडे.

विद्यापीठाच्या समितीला ते थेट कामठ्याच्या तलावावर घेऊन गेले. मीही गेलो, त्यांची फजिती बघायला. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. तलावाच्या मोरीवर, म्हणजे पाणी सोडायच्या दारावर, बसून पाणी वाटायला गाव माणूस निवडत होतं. ज्याची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, सगळ्यांत शेवटी, त्यालाच निवडलं. पाणी वरच्या साऱ्या बांध्यांतून त्याच्याकडे येणार. वाटेत कुणी जास्त घेतलं तर उपाशी तोच राहणार.

अध्यक्षांनी विचारलं, “हे कोणत्या पुस्तकात आहे?”

“पुस्तकवाले इकडं आलेच कुठं, साहेब?”

अध्यक्ष मनापासून हसले. मला तेही सहन झालं नाही.

समितीच्या बैठकीत पेपर मंजूर झाला. शिकवणार कोण, असं विचारल्यावर बिसेनांनी माझं नाव सांगितलं. बाहेर येताच मी तणतणलो, “माझा विरोध होता, ठाऊक होतं ना तुम्हाला?”

“म्हणूनच तं. शेवटची बांधी तुमची आहे, भाऊ. तुमच्यापर्यंत पोचलं, म्हणजे साऱ्यायले पोचलं.”

त्यानंतर ते फार जगले नाहीत. पेपर मी निवृत्त होईपर्यंत शिकवला, पुस्तक न घेता. माझं मन त्यांनी इतकं अचूक ओळखावं, याचा हेवा अजून जात नाही. मुलं शेवटपर्यंत त्याला ‘बिसेनांचा पेपर’च म्हणत. म्हणोत बापडी. जन्मभर मोरीवर बसलो तो मीच.