अक्कांचा बळी

बनशंकरीतल्या त्या घरात माझी पहिली दिवाळी भांडणानेच सुरू झाली, आणि ते भांडण मीच उकरून काढलं होतं. आता ते मऊ करून सांगण्यात अर्थ नाही.

मी पुण्याची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन बंगळूरला आले. घरात तीनच माणसं: नवरा, मी आणि नवऱ्याची आत्या. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. नवऱ्याचे आईवडील तो लहान असतानाच गेले. अक्कांनी लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, भाच्याला वाढवलं, तीन खोल्यांचं घर बांधलं आणि आमच्या लग्नाच्या वर्षी ते त्याच्या नावावर करून टाकलं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज मराठी फौजांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. अक्का घरात मराठी बोलत, पण कसली मराठी! न्हाणीघराला बच्चल म्हणायच्या, थोडं म्हणजे स्वल्प, आणि कुठलंही बोलणं संपवायचं असलं की 'सरी'. मी त्यांचे शब्द दुरुस्त करत असे. त्या ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी तोच शब्द पुन्हा वापरत.

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी अक्कांनी बच्चलातला तांब्याचा हंडा चिंचेने घासून लखलखीत केला, पाण्याने भरला, चुन्याची बोटं ओढली आणि त्याच्या गळ्याभोवती एक वेल गुंडाळली. वेलीला हिरवी फळं होती. मी पाहिलं तर ती कारिटं. आमच्याकडे नरकचतुर्दशीला अंघोळीआधी कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चिरडतात, तोच नरकासुर. मी म्हटलं, राक्षसाला हार घालताय की काय? अक्का म्हणाल्या की वेल पाण्याच्या पूजेसाठी आहे, फळासाठी नाही. मला ते उत्तर अडाणीपणाचं वाटलं. पहाटे मी त्या वेलीचं एक फळ तोडलं, उंबऱ्याशी ठेवलं आणि पायाने फोडलं. बिया लादीवर पसरल्या. अक्कांनी फडकं आणून त्या पुसल्या. नवरा दात घासत उभा होता. तो आत निघून गेला. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तो दिवसभर यंत्रांशी नीट बोलत असेल कदाचित. घरात मात्र आमच्या दोघींच्या मधे त्याने तोंड कधी उघडलं नाही.

खरी ठिणगी पाडव्याला पडली. अक्कांनी शेणाचा एक बुटका राजा केला, त्याला भोपळ्याची पिवळी फुलं खोचली आणि उंबऱ्याजवळ पाटावर बसवलं. बळीराजा. पुढे पणत्या, दूधभात. त्याच्यासमोर त्या बराच वेळ हात जोडून बसल्या. माझ्या माहेरी पाडवा म्हणजे नवऱ्याला ओवाळणं आणि नवी साडी. मी म्हटलं की बळीला गर्व झाला म्हणून तर वामनाने त्याला पाताळात घातलं, त्या विजयाचा हा सण, आणि तुम्ही हरलेल्याची पूजा करता.

अक्कांनी मान वर केली. "त्यास गर्व झाला, हे कुणी सांगितलं तुला?"

मी म्हटलं, पुराणात आहे.

"पुराणात आहे की त्यानं मागितलेलं दिलं. तीन पावलं जमीन मागितली, दिली. तिसऱ्या पावलाला जागा उरली न्हाई तर डोकं पुढं केलं. यात गर्व कुठं आला, दाखव."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. पाताळात जाताना बळीने एकच मागितलं, की वर्षातून तीन दिवस आपल्याला आपली माणसं बघायला येऊ द्यावं, आणि त्या दिवसांत अंधार नसावा. दिवे त्याच्या वाटेसाठी. लक्ष्मी, नरकासुर, सगळं खरं असेल, पण दिवे त्याचे. तुम्ही पुण्याचे लोक ओवाळताना काय म्हणता, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. तोंडातून शब्द गेले, तेव्हा ते मलाच ऐकू आले. लहानपणापासून म्हणत आले होते, कुणाचं राज्य मागतोय याचा विचारही केला नव्हता.

"सरी," अक्का म्हणाल्या आणि दूधभात गाईला घालायला गेल्या.

त्या हरण्याचा राग मला वर्षभर पुरला. हरलेल्या माणसाला सूड घ्यायला घरात जागा पुष्कळ असते. आधी मी स्वयंपाकघरातलं एक फडताळ मागितलं, माझे पुण्याचे डबे ठेवायला. अक्कांनी आपल्या बरण्या खाली उतरवल्या. मग मी हिंदीच्या शिकवण्या सुरू केल्या आणि त्यांच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा मागितला. त्यांनी पलंग भिंतीकडे सरकवला. दुपारी मुलं यायची तेव्हा त्या बाहेर पायरीवर बसून शेंगा सोलायच्या. मला ते दिसायचं. मला ते आवडायचं, हेही खरं.

दुसऱ्या दिवाळीला मी सहा महिन्यांची गरोदर होते. बाळंतपणाला पुण्याला जायचं मी नाकारलं होतं. आईच इकडे येऊन राहणार होती. तिला खोली लागणार. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी विषय काढला. म्हटलं, काही महिन्यांचा प्रश्न आहे, तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपाल का? नवरा चहा पीत होता. कपात बघत बसला.

अक्का आकाशकंदील टांगायला स्टुलावर उभ्या होत्या. आकाशकंदील इथे कुणी लावत नसे. पुण्याहून आणलेला तो माझा होता, आणि मी सांगितलं नसताना त्या तो टांगत होत्या. दोरीला गाठ मारून त्या सावकाश खाली उतरल्या.

"फडताळ झालं. कोपरा झाला. आता खोली," त्या म्हणाल्या. "तूही तीनच मागितलीस."

आवाज चढलेला नव्हता. मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण घर आता आमचं आहे, हे बोलले ते नक्की आठवतं. अक्कांनी भाच्याकडे पाहिलं. तो काहीतरी म्हणेल अशी वाट त्यांनी पाहिली. मग त्या बच्चलात जाऊन हात धुऊन आल्या आणि चकल्या तळायला बसल्या.

पाडव्याला त्यांनी बळीराजा केला, पूजा केली. भाऊबीज झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी एक ट्रंक आणि एक वळकटी रिक्षात घालून त्या येलहंक्याला गेल्या. एक्स्चेंजमधली त्यांची जुनी मैत्रीण निवृत्त होऊन तिथे एकटी राहत होती. नवऱ्याने ट्रंक उचलून दिली. रिक्षा गेल्यावर तो मला म्हणाला, "आता आई येऊ दे." लग्नानंतरच्या दीड वर्षात त्याने मला बोललेलं सर्वांत कडू वाक्य ते. पण ते त्याने अक्का असताना बोलायला हवं होतं, आणि दुसऱ्या शब्दांत. त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही. स्वतःला तर नाहीच.

आई आली. त्या खोलीत चार महिने राहिली आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाली की इथे तिला झोप लागत नाही. मुलगी झाली.

तिसऱ्या दिवाळीला मुलगी नऊ महिन्यांची होती. मी फराळ केला, स्टीलचा मोठा डबा भरला, आणि आम्ही तिघं दोन बसा बदलून येलहंक्याला गेलो. अक्कांनी दार उघडलं. मुलीला माझ्या कडेवरून घेतलं, तिच्याशी कानडीत खूप बोलल्या, तिचे पाय आपल्या गालांना लावले. भाच्याला त्याच्या पाठदुखीबद्दल विचारलं. मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. बोलल्या नाहीत.

निघताना त्यांनी डबा आत नेला. चकल्या, चिवडा, लाडू सगळं काढून घेतलं. डबा घासला, फडक्याने कोरडा पुसला आणि माझ्या हातात दिला. झाकण उघडून बघायची गरज नव्हती, वजनावरूनच कळलं. भरून आलेला डबा रिकामा परत करत नाहीत, निदान साखरेचे चार दाणे तरी टाकतात. हे पुण्यातही तसंच आणि बंगळूरलाही. त्यांना ते माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं.

बसमध्ये नवऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

पुढे अक्का होत्या तोवर मी दर दिवाळीला फराळ नेला. दर वेळी डबा तसाच घासून, पुसून, रिकामा हातात आला. मीही एकदासुद्धा तोंडाने माफी मागितली नाही.