आजींनी केलेली प्रार्थना

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी सांगलीजवळच्या एका मिशन दवाखान्यात नवी नर्स होते. नोकरी लागली तेव्हा मनाशी दोन नेम केले होते: ज्यांना चालेल त्या पेशंटसाठी रोज प्रार्थना करायची, आणि खोटं बोलायचं नाही. दोन्हींची परीक्षा उंब्रजच्या एका आजींनी घेतली.

आजी उसाच्या बांधावरून पडल्या होत्या. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन लावलेलं, त्यामुळे खाटेवरून हलायची सोय नाही. हाड लवकर जुळावं म्हणून डॉक्टरांनी तंबाखूची मिश्री बंद केली होती. एकदा चादर बदलताना उशीखाली मला मिश्रीची डबी सापडली.

"पोरी, कुणाला सांगू नगंस," त्यांनी माझा हात धरला. "लेक मिलिट्रीतनं सुट्टीवर आलाय. त्याला कळलं तर लय बोलंल."

मी डबी खिशात टाकली आणि गप्प राहायचं वचन देऊन बसले. दुपारी डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, आजींजवळ मिश्री नाही ना?"

"त्यांच्याजवळ नाही, सर."

शब्द न् शब्द खरा! मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

आजी मात्र खूश नव्हत्या. दिवसभर चिमूटभर तरी दे म्हणून मागे लागत. मी नाही म्हणायचे, आणि वर डोळे मिटून त्यांच्या पायासाठी प्रार्थना करायचे. त्या निमूट ऐकत. मला वाटायचं, शब्द काळजात उतरतायत. त्या पद्धत शिकत होत्या.

चौथ्या दिवशी राऊंडच्या वेळी डॉक्टर, मेट्रनबाई आणि लेक खाटेभोवती उभे होते. आजींनी हात जोडले, डोळे मिटले आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असा आवाज लावला, "हे येसूबाबा, ही पोरगी गुणाची हाय. पर माजी मिश्रीची डबी चार दिस तिच्या खिशात हाय. तिला सुबुद्धी दे. आमेन."

पलीकडच्या खाटेवरची बाईही भक्तिभावानं "आमेन" म्हणाली.

मी डबी काढून मेट्रनबाईंच्या हातात ठेवली. लेकानं कपाळाला हात लावला. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

मेट्रनबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. "डॉक्टरांना खरं सांगितलं होतंस?"

"शब्द खरे होते, बाई."

"मी शब्दांचं विचारलं नाही."

मी डॉक्टरांची माफी मागून आले ती तडक आजींकडे. "आजी, तुम्ही माझी चहाडी केलीत!"

"मी कुटं? मी देवाला सांगितलं. ही मानसं मदीच ऐकत हुती."

काही आठवड्यांनी आजी घरी निघाल्या. जीप दारात लागली तशी त्यांनीच मला बोलावलं. "कर तुजी प्रार्थना. पर लवकर आटप, लांब जायाचं हाय."

मी लवकर आटपली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी आपली सुरू केली. त्यात माझं लग्न आलं, माझ्या आईबापांची तब्येत आली, मेट्रनबाईंचा दुखरा गुडघासुद्धा आला. लेकानं दोनदा हॉर्न वाजवला, पण आजींनी डोळे उघडले नाहीत.