चुका काढणारी शेजारीण

छापलेलं अक्षर चुकीचं असेल तर त्याला जिवंत सोडायचं नाही, असा पण करून जन्माला आलेली बाई साऱ्या धारवाडात एकच होती, आणि ती नेमकी माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होती. मळमड्डीत आमचं जोडघर होतं. एका अर्ध्यात आम्ही, दुसऱ्या अर्ध्यात ती, तिचे यजमान आणि बालवाडीतली लेक. यजमान अमरगोळच्या बाजारात मिरचीच्या अडत दुकानात होते. संध्याकाळी ते गल्लीत शिरले की दोन्ही बाजूंच्या घरांतून शिंका ऐकू यायच्या. ती माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. मला अक्का म्हणायची, मी तिला वहिनी म्हणायची, आणि माझी मुलगी तिला कानडीत चिक्कम्मा म्हणायची, म्हणजे धाकटी आई. तो शब्द किती खरा होता हे मला फार उशिरा कळलं.

तिच्या या चुका काढण्याला स्थळ, काळ, नातं कशाचाच अडसर नव्हता. हुबळीला तिच्या चुलत दिराचं लग्न होतं. पत्रिकेत ‘शुभाशिर्वाद’ असं छापलं होतं. हिने लाल शाईने ‘शि’ दीर्घ केली आणि ती पत्रिका आहेराच्या पाकिटातच घालून चुलत सासऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, तर म्हणाली, “मामा, ऱ्हस्व आशीर्वाद फार दिवस टिकत नाहीत.” गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गिरणीवाल्याने पाटीवरचं कानडी अक्षर तिच्या सांगण्यावरून तीनदा रंगवून घेतलं. चौथ्यांदा ती येताना दिसली तेव्हा त्याने पाटीच उतरवून आत ठेवली. मी मराठी शाळेत शिक्षिका. माझ्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिकेतही तिने तीन चुका काढल्या होत्या. “तुम्ही घाईत असता, अक्का,” असं मोठ्या प्रेमाने म्हणाली होती. मी हसले होते खरी, पण ते मला लागलं होतं, हे आज कबूल करते.

दुसरं वेड वाचण्याचं. कादंबऱ्या वगैरे नव्हेत. औषधाच्या बाटलीबरोबर येणारी घडी, पंख्याच्या खोक्यातला कागद, गॅसच्या शेगडीची पुस्तिका, असलं सगळं ती जेवणानंतर लोडाला टेकून वाचायची आणि मधूनच खुदकन हसायची. “ऐका की अक्का, ‘पंखा चालू असताना पंख्यास जेवण घालू नये’ असं लिहिलंय!” कुणीतरी इंग्रजीतून शब्दाला शब्द ठेवून उतरवलेलं असायचं. तिला कानडी, मराठी आणि इंग्रजी तिन्ही चांगल्या येत. रागवायची कानडीत, माया करायची मराठीत आणि बँकेत गेली की एकदम इंग्रजीत. या तिन्हींचं तिने काय करावं हे मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही.

माझी शाळा सकाळी दहा ते पाच. मुलगी दुसरीत होती, तिची शाळा बाराला सुटायची. बारा ते पाच ती हिच्याकडे असे. म्हणजे खरं तर हीच आमच्या घरी येऊन बसे, कारण आमच्याकडे कॉम्प्युटर आला होता आणि नव्यानेच ब्रॉडबँडही घेतलं होतं. आमची किल्ली तिच्याकडे असायची. पोरीला जेवू घालायचं, पाढे म्हणून घ्यायचे, ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, सगळं तिने तीन वर्षं केलं, आणि त्याचं काही द्यायचं असतं हे दोघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. तिच्या मनात प्रेमामुळे आलं नाही. माझ्या मनात का आलं नाही, ते सांगवत नाही.

त्या दिवसांत इंटरनेटवर ओळखी वाढवण्याचं एक ठिकाण निघालं होतं. तिथे लोक एकमेकांच्या भिंतीवर निरोप लिहीत, गट करत. असाच एक गट लहान मुलांच्या आयांचा होता. मूल जेवत नाही, दात येताहेत, सासू औषध देऊ देत नाही, असलं जगातलं सगळं दुःख तिथे रोज दुपारी गोळा व्हायचं. ही त्या गटात शिरली आणि आयांना धीर देता देता त्यांचे ऱ्हस्व-दीर्घही नीट करू लागली. पुण्याच्या एका बाईंनी तिथे लिहिलं होतं, ‘घरबसल्या भाषांतराचे काम. अधिक माहीतीसाठी संपर्क साधा.’ हिने खाली उत्तर दिलं, “ताई, माहितीतला ‘हि’ ऱ्हस्व. भाषांतराच्या जाहिरातीत तरी.” मी ऐकून कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी पुण्याहून निरोप आला, “चूक मान्य. काम कराल का?” संध्याकाळी मी शाळेतून आले तर ही फाटकातच उभी. “छलो आत्री अक्का!” छान झालं, असं म्हणत तिने माझे दोन्ही हात धरले. त्या पुण्याच्या बाईही दोन मुलं सांभाळून घरातूनच हा व्यवसाय करत होत्या. मूल झोपलं की काम करायचं, उठलं की थांबायचं, वेळेत पाठवलं की झालं.

पहिलं काम आलं ते प्रेशर कुकरच्या पुस्तिकेचं. इंग्रजीतून कानडी आणि मराठी, दोन्ही. हिने लिहिलं, ‘वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडू नये. पाहुणे दारात आले असले तरी घाई करू नये.’ पाहुणे मूळ इंग्रजीत नव्हते. पुण्याच्या बाई म्हणे आधी खूप हसल्या आणि मग ते वाक्य त्यांनी ठेवलं. पुढे धुलाई यंत्राचं काम आलं. स्वतः केल्याशिवाय किंवा पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही हा हिचा नेम, आणि आमच्या दोन्ही घरांत ते यंत्र नाही. मग मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरी वही घेऊन गेली आणि यंत्रासमोर पाट मांडून तीन वेळचं धुणं संपेपर्यंत बसली. त्या घरच्या बाईंनी दोनदा चहा केला. तिसऱ्या वेळी त्यांच्याकडचे मळके कपडे संपले, तर हिने पदराखालून स्वतःच्या घरच्या दोन चादरी काढल्या. मी ही गोष्ट शाळेत शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगायची. “कागदपत्रं लिहिते आमची शेजारीण, मिक्सरची!” सगळे हसायचे. मीही.

एका शनिवारी ती हुबळीला बारशाला गेली होती आणि मी घरी होते. फोन वाजला. तिच्याकडे फोन नव्हता, तिने आमचाच नंबर देऊन ठेवला होता. पुण्याच्या बाई होत्या, बोलायला फार गोड. म्हणाल्या, “एक मोठं काम आलंय. आठ महिन्यांचं, रोजचे पाच-सहा तास. शिवाय आणखी चौघींचं लिखाण तपासायचं. मला त्यांच्यावरच सोपवायचंय. पण मी त्यांना कधी भेटलेली नाही हो. तुम्ही शेजारी, त्यातून शिक्षिका. त्यांना झेपेल का?”

मला दिसलं ते एवढंच. रोजचे पाच-सहा तास, म्हणजे दुपारचे. मग माझी मुलगी कुठे जाणार? मी अगदी शांत, समजूतदार आवाजात म्हणाले, “हुशार आहेत हो त्या. पण हौसेने करतात. घरात लहान मूल, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. वेळेचं बंधन नाही झेपायचं.” तिची सासू गावी होती आणि पासष्टाव्या वर्षी विहिरीवरून दोन घागरी एकदम आणत होती. ते वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं हे मला माहीत नाही असं म्हणणं सोयीचं आहे. पण मला माहीत आहे. ‘मूल लहान आहे’ एवढ्यावर त्या बाई थांबल्या नसत्या, त्यांनाही मुलं होती.

रात्री ती परत आली. “कुणाचा फोन?” तिने विचारलं. “नाही,” मी म्हणाले. पुढचे पंधरा दिवस ती रोज विचारायची, मी रोज नाही म्हणायची. शेवटी पुण्याहून कळलं की ते काम दुसऱ्या कुणाला दिलं. ती माझ्याच स्वयंपाकघरात बसून रडली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “होतं असं. तुमची मुलगी मोठी झाली की करालच.” हे सगळं मी केलं.

महिन्याभराने एका संध्याकाळी मी शाळेतून आले. मुलगी जमिनीवर बसून पोह्यांची अवलक्की खात होती, ही कॉम्प्युटरसमोर होती. मागे न वळता म्हणाली, “अक्का, आमच्या अत्ती अंथरुणाला खिळल्यात म्हणे.”

माझ्या खांद्यावर पर्स तशीच होती. “कोण म्हणालं?”

“पुण्याच्या ताईंनी लिहिलंय. ‘सासूबाई आता कशा आहेत? तुमच्या शेजारणींनी फोनवर सांगितलं, म्हणून मी आग्रह केला नाही.’” तिने ते तिच्या सवयीप्रमाणे स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून वाचलं. मग माझ्याकडे वळली. “मला विचारायचं की हो. पोरीला मी सोडणार नव्हते. ती इथे बसून अभ्यास करते, मी इथे बसून लिहिते. दोन्ही होत होतं.”

मी पर्स काढून खुंटीला अडकवली. “होग्ली बिडरी,” ती म्हणाली. जाऊ द्या. रागवायची भाषा कानडी, पण त्यात राग नव्हता, आणि तेच सोसवेना. कॉम्प्युटर बंद करून तिने त्यावर फडकं घातलं. मला वाटलं आता किल्ली टेबलावर ठेवेल. तिने ती कमरेला खोचली, कारण दुसऱ्या दिवशी बाराला माझ्या मुलीला दार उघडून द्यायचं होतं.

वार्षिक परीक्षा संपेपर्यंत ती येत राहिली. पोरीच्या ताटात, पाढ्यांत तसूभर फरक पडला नाही. फक्त माझ्या लिहिण्यातल्या चुका काढायचं तिने बंद केलं. मुलीच्या रजेच्या अर्जात मी मुद्दाम एक वेलांटी चुकवून ठेवली आणि अर्ज तिच्यासमोर ठेवला. तिने वाचला आणि “ठीक आहे,” म्हणून परत दिला. मे महिन्यात त्यांनी उणकलला नव्या वसाहतीत भाड्याने घर घेतलं आणि ते गेले. पुण्याला तिने काय कळवलं होतं ते मला नंतर तिच्या यजमानांकडून कळलं. ‘सासूबाई ठणठणीत आहेत. शेजारणीचा काही गैरसमज झाला.’ एवढंच.

दोन वर्षांनी तिथेच बांधलेल्या त्यांच्या स्वतःच्या घराच्या वास्तुशांतीचं बोलावणं आलं. मुलीला घेऊन गेले. पुढच्या खोलीत सहा-सात बायका बसल्या होत्या, कुणाच्या मांडीवर मूल, कुणाचं पदर ओढणारं. सगळ्या तिच्याकडून भाषांतराचं काम घेणाऱ्या आणि आपापल्या घरी बसून करणाऱ्या. दोघींनी तर एकमेकींना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, तोवरची ओळख पडद्यावरचीच. तिने मला मधोमध बसवलं. “ह्या माझ्या अक्का. माझं पहिलं काम ह्यांच्या घरी, ह्यांच्या कॉम्प्युटरवर झालं.” ते खरंच होतं. ती थांबली तिथेच. कडेवर मूल घेतलेली एक मुलगी माझ्या पाया पडली. “ह्या आमच्या ताई नेहमी सांगतात, तुम्ही होतात म्हणून झालं.”

“नाही हो,” मी म्हणाले. “तसं नाही. मी काहीच चांगलं केलं नाही.” मी ते अगदी मनापासून म्हणाले. खोलीतल्या सगळ्या कौतुकाने हसल्या. मोठ्या माणसांचा विनय, असं एक म्हणाली. मी वहिनीकडे पाहिलं. ती हसली नाही. माझ्या ताटात तिने आणखी एक पुरणाची होळगी वाढली आणि वर तूप सोडलं.

फाटकापर्यंत पोहोचवायला आली. मुलीला जवळ घेऊन तिने किती मार्क पडले ते विचारलं, तिची वेणी पुन्हा घट्ट घातली. माझ्याशी बोलायचं होतं तेवढं झालंच होतं. बस लवकर आली.

मुलगी खिडकीशी बसली. उणकल मागे पडलं तेव्हा म्हणाली, “आई, चिक्कम्मा आता आपल्याकडे का येत नाही?”

“लांब पडतं गं,” मी म्हणाले.

“अर्धाच तास तर लागतो,” ती म्हणाली, आणि बाहेर बघू लागली.