मायचं चालणं आणि माझी मोटरसायकल

लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच कबूल करतो. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही. तरी लिहितो आहे, कारण माझ्या आईवडिलांचा संसार मोडल्याची बातमी दोन गावांत पसरली होती. ती खोटी होती आणि तिला कारण मी होतो, एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं असावं. वाचकांनी माफ करावं.

दिवाळीच्या सुट्टीत मी लोणखेड्याच्या हॉस्टेलवरून घरी आलो आणि मायला डॉक्टरांकडे नेलं. रक्ताचा रिपोर्ट पाहून ते म्हणाले, "मधुमेह अजून झालेला नाही, पण उंबरठ्यावर आहे. तीन महिने जेवण सांभाळा, रोज चाला, वजन उतरवा. नाहीतर गोळ्या सुरू कराव्या लागतील." मायला गोळ्यांची धास्ती. तिच्या आईची एक गोळी वाढत वाढत सातांवर गेलेली तिनं पाहिली होती. परतताना एसटीत ती रिपोर्टची घडी घालत आणि उलगडत होती.

मी मात्र उत्साहात. शिक्षणाचा घराला उपयोग करून द्यायची हीच संधी, असं वाटून मी मोठ्या कागदावर तक्ता केला. चहा बिनसाखरेचा. रात्रीचं जेवण सात वाजता. सकाळी पाऊण तास भरभर चालणे. आणि सर्वात खाली लाल पेनाने: कोणालाही सांगू नये. (बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती. 'त्यांच्या घरात शुगर आहे' असं पाहुण्यांच्या कानावर जायला नको, ही अक्कल माझीच.)

आमच्याकडे बाया शेतात दिवसभर पायपीट करतात. पण नुसतं चालण्यासाठी कोणी चालत नाही. माय म्हणाली, "कोनी इचारं, कोठे चालनी, ते काय सांगू?"

"काही सांगू नको. पदर पुढे घे आनि चाल."

गावाबाहेर सपाट, सावलीचा रस्ता एकच, सारंगखेड्याकडे जाणारा. मायचं माहेर सारंगखेडा. हे मला माहीत होतं, पण सुचलं नाही.

तर दृश्य असं. उजाडता उजाडता माय हातात कापडी पिशवी घेऊन (आत पाण्याची बाटली, टॉवेल, मूठभर फुटाणे), पदर ओढून माहेरच्या वाटेने भरभर निघालेली. घाम आला की पदराने तोंड पुसते. आणि मागे दहा पावलांवर मी, मोटरसायकल पहिल्या गिअरमध्ये, हात हलवून काहीतरी सांगतो आहे. रस्त्याखालच्या नाल्याच्या मोरीपर्यंत जाऊन आम्ही परत फिरायचो.

गुलाबभाऊ दूधवाला रोज कॅन लटकवून त्याच रस्त्याने सारंगखेड्याला जातो. त्याने गाडी थांबवली. "बठा वहिनी, सोडी देस."

"नको भाऊ, माले चालीच जानं शे."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्याने विचारणं सोडलं आणि माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. मला वाटलं, माझं कौतुक करतो आहे.

इकडे नानांनीही भर घातली. (नाना म्हणजे माझे वडील.) चहा एकाच पातेल्यात होत असल्यामुळे त्यांनाही बिनसाखरेचा मिळू लागला. ते शेजारी सुमनकाकूंकडे जाऊन बसू लागले. कारण सांगायची बंदी, म्हणून मान खाली घालून दोन कप प्यायचे आणि उसासा टाकून उठायचे. रात्री माय सातलाच जेवून घ्यायची, नाना नऊला एकटेच.

रविवारी सकाळी दारात जीप थांबली. मामा आणि सोबत माहेरचे दोन वडीलधारे. कोणी पाण्याला हात लावला नाही. पाहुणा पाणी घेत नाही म्हणजे प्रकरण फार पुढे गेलेलं असतं.

"दाजी," मामा म्हणाले, "मन्ही बहीणनं काय चुकनं?"

"काय व्हयनं पन?" नाना म्हणाले.

मामा बोटं मोजू लागले. "ती रोज पिशवी लई माहेरले निंघस. रडत रडत. पोऱ्या गाडी लई मांगे फिरस, तरी ती बठत नही. मंग पोरेसनी आठवन येस, म्हनीसन अर्धा रस्तावरथून परत जास. घरमा तुम्हले च्या भेटत नही. जेवाले बी दोन्ही अलग अलग बठतस."

नाना माझ्याकडे पाहू लागले. यातली रडण्याची आणि आठवणीची गोष्ट सोडली, तर बाकी सगळं माझ्याच तक्त्यातलं होतं.

मी आत जाऊन तक्ता आणला आणि उभं राहून वाचून दाखवला. लाल ओळीपाशी आवाज फार बारीक झाला. तेवढ्यात माय दारात येऊन म्हणाली, "भाऊ, पंचवीस वरीस व्हयनात. आते कसाले रुसू? माले गोया नको शेत, म्हनीसन मी चालस."

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि तांब्या तोंडाला लावला. सोबतच्या म्हाताऱ्यांनी मात्र मला सोडलं नाही.

"मंग तू गाडीवर कसाले व्हतास?"

"अंतर मोजाले."

अख्खी बैठक हसली. आत बहीणही हसली. मग म्हाताऱ्यांनी निकाल दिला: "ती एकली चालाव नही. नाना, उद्यापासून तुम्ही संगे चाला."

"आनि हाऊ?" मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"याले जमाव नही."

सुट्टी संपली, मी हॉस्टेलवर परतलो. तीन महिने भरत आले, तशी घरचा फोन घ्यायची भीती वाटू लागली. गोळ्या सुरू झाल्या असं माय म्हणाली, तर आपण काय बोलायचं?

शेवटी एका संध्याकाळी नानांचा फोन आला. मी हॉस्टेलच्या जिन्यात, पहिल्या मजल्यावर टेकलो होतो.

"तुन्ही मायनी शुगर उतरनी. डॉक्टर सांगस, गोयासनी गरज नही. पन चालनं सोडानं नही."

 नाना पुढे सांगत राहिले. मायचं वजन पाच किलो उतरलं, त्यांचं तीन. सुमनकाकूही सोबत येतात, गल्लीतल्या सात बाया झाल्या. सकाळी त्या निघाल्या की गाव म्हणतं, चालल्या रुसायला. बहिणीच्या होणाऱ्या सासूबाईंना सगळं कळलं. त्यांनी एवढंच विचारलं की तो रस्ता कोणता.

"आनि मन्हा तक्ता?" मी हळूच विचारलं.

"तो मामा लई गया, मामीनासाठे. लाल ओळ फाडीसन." मग फोनमागे मायचा आवाज आला, आणि नाना म्हणाले, "ती इचारस, तू तठे रोज कितला चालस?"

मी अजून धापा टाकत होतो. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे.

"नाना, आवाज येत नही," मी म्हणालो.

आवाज अगदी स्वच्छ येत होता.