खोडलेल्या ओळींचा आवाज

करिष्मा सोनटक्के चोवीस वर्षांची असताना तिच्या उजव्या हाताची तीन बोटं पॉवर प्रेसखाली गेली. तळवड्यातलं लहानसं वर्कशॉप होतं. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर, माल कमी निघतो म्हणून बंद करून ठेवलेला. निलंग्याकडून लग्न होऊन इकडे येऊन तिला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. टाके ओले असतानाच सासूने विचारलं, "आता काय करणार गं?" तर म्हणाली, "डावा हाय की अजून."

स्वतःचा अर्ज लिहून घ्यायला ती चिंचवड स्टेशनजवळच्या कामगार मदत केंद्रात गेली आणि तिथेच कामाला राहिली. केंद्र म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा एक गाळा. चालवायचे शरच्चंद्र मोकाशी. एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, बोलायला कडक, कामाला चोख. कंपनीत हात गेलेले, भाजलेले, पडलेले लोक तिथे यायचे. त्यांची हकिगत ऐकायची, ती नीट लिहायची, आणि तिच्यावरून अर्ज तयार करायचा, हे करिष्माचं काम.

डाव्या हाताने लिहायला ती शिकली, पण वेग येईना. एका माणसाला दोन-दोन तास लागायचे. मग कुणीतरी तिला 'बोलाक्षर' नावाचं अ‍ॅप दाखवलं. फोनपुढे मराठीत बोलायचं, समोर मराठीत अक्षरं उमटायची. करिष्मा हरखून गेली. मधलं बटण दाबायचं, फोन टेबलावर ठेवायचा, समोरचा माणूस बोलेल ते आपण मागोमाग म्हणायचं. पाऊण तासात हकिगत तयार. दोन वर्षांत तिने अशा त्र्याऐंशी जणांच्या हकिगती लिहिल्या.

मग तिचा फोन पडला, काच गेली, म्हणून तिने नवा घेतला. एका शुक्रवारी सकाळी केंद्र उघडून तिने नव्या फोनवर बोलाक्षर घेतलं, जुना नंबर टाकला. पडद्यावर आलं : 'तुमची माहिती परत आणत आहोत.' तिला वाटलं, जुने मजकूर येतील. मजकूर आलेच, पण प्रत्येक मजकुराशेजारी एक लहान त्रिकोणही आला, गाणं वाजवायला असतो तसा. तारखांप्रमाणे लांबलचक यादी. तिने सहज एकावर बोट ठेवलं.

गाळ्यातल्या पंख्याची घरघर ऐकू आली. मग तिचा स्वतःचा आवाज. आणि मग एक दुसरा आवाज, दबका, अगदी जवळून आलेला : "ह्ये लिहू नको गं. ह्ये नुसतं तुला सांगते."

करिष्माने झटकन फोन उलटा ठेवला. आवाज कौशल्याबाईंचा होता.

कौशल्याबाई चाकणजवळच्या एका गावच्या, पन्नाशीच्या. रबरी पार्ट बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला. गरम साच्यावर त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला होता. घरी स्वयंपाक करताना भाजलं, असा कागद करून त्यांची सही घेतली गेली. एवढं त्यांनी लिहू दिलं होतं. पण तो कागद दवाखान्यात घेऊन आला होता त्यांचाच मुलगा रणजीत. तोही त्याच ठेकेदाराकडे होता आणि नोकरी जाईल म्हणून घाबरला होता. ते सांगताना बाई रडल्या होत्या. त्या ओळी फोनवर उमटल्या तशा करिष्माने त्यांच्यासमोरच खोडल्या होत्या. "गेलं बघा मावशी," असंही म्हणाली होती.

अक्षरं गेली होती. आवाज राहिला होता.

त्या दिवशी तिने अ‍ॅपची सगळी पानं चाळली. अटींच्या तळाशी एक खूण आधीपासून केलेली होती : सेवा सुधारण्यासाठी आवाज साठवायला परवानगी. तिने ती कधी वाचलीच नव्हती. तिने खूण काढली, एकेक करून सगळे आवाज पुसले आणि कंपनीला पत्र लिहायला बसली. मुद्दाम बोलून नाही, डाव्या अंगठ्याने टाइप करून. माझ्या फोनवरून पुसलं, तुमच्याकडूनही गेलं का? आणि आजवर ते कुणी ऐकलं का?

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. आपली गोपनीयता आम्हाला महत्त्वाची आहे. सेवेच्या दर्जासाठी निवडक नमुने तपासले जातात. पुसलेली माहिती ठरावीक कालावधीनंतर काढली जाते. तिने पुन्हा लिहिलं, "तपासले जातात म्हणजे माणूस ऐकतो का?" यावर एका ओळीचं उत्तर : "काही वेळा."

ती फोन घेऊन शरच्चंद्रांपुढे गेली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"पुसलंस ना? मग आता ते अ‍ॅप काढून टाक आणि हा विषय संपव."

"सर, मला या सगळ्यांना सांगावं लागेल."

"कुणाला?"

"त्र्याऐंशी जणांना."

शरच्चंद्रांनी चष्मा काढला. "हे बघ करिष्मा, आपल्याकडे येणारा माणूस आधीच भेदरलेला असतो. हे तू सांगितलंस, की बातमी पसरेल आणि उद्यापासून कुणी इथे पाऊल ठेवणार नाही. त्यात नुकसान कुणाचं? त्यांचंच."

त्यांचं म्हणणं तिला खोटं वाटलं नाही. पण माझी बोटं गेली तेव्हाही मालक असंच म्हणाला होता, हे तिच्या अगदी ओठावर आलं. ते तिने गिळलं.

"सर, त्यांचं बोलणं माझ्या हातून बाहेर गेलंय. ते कुठं आहे हे मला माहीत नाही, आणि गेलंय हे त्यांना माहीत नाही. असं ठेवून मी उद्या नव्या माणसापुढे बसू कशी? तुम्ही नको म्हणालात तरी मी सांगणार. केंद्राचं नाव घेऊ नको म्हणत असाल तर माझं घेईन."

शरच्चंद्रांनी चष्मा पुन्हा लावून ते उत्तर आणखी एकदा वाचलं. मग म्हणाले, "केंद्राचं घे. चूक केंद्राची आहे. अटी मीही वाचल्या नव्हत्या."

या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. करिष्माने वहीत यादी केली आणि दर गुरुवारी बाहेर पडायला लागली. कधी बस, कधी शेअर रिक्षा, कधी पायी. फोनवर सांगायचं नाही, समोर बसून सांगायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

लोक नाना तऱ्हांनी वागले. चिमाजी म्हणून एक म्हातारे वॉचमन होते, ते हसायलाच लागले. "माझा आवाज ऐकून करत्यात काय? बायकू ऐकत न्हाई माझं!" एक तरुण बाई दारातच म्हणाली, "तू सांगाया कामून आलीस? मला कळलंच नसतं," आणि मग आत बोलावून चहा ठेवला. एकाने आरडाओरडा करून गल्ली गोळा केली. करिष्माने मान खाली घातली नाही. जे झालं ते तिने गल्लीलाही सांगितलं.

कौशल्याबाईंकडे ती पहिल्याच गुरुवारी गेली होती. बाई अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांचे हात चालूच होते.

"पुसलं का?"

"माझ्याकडून पुसलं, मावशी. त्यांच्याकडून पुरतं गेलं का, ते मला छातीठोक सांगता येत नाही."

"रणजीतचं नाव हाय त्यात?"

"आहे."

कौशल्याबाईंनी सूप बाजूला सारलं. "मी लिहू नको म्हनले हुते, पोरी."

"व्हय, मावशी."

"मंग माझा अर्ज परत दे. मला न्हाई काय करायचं."

करिष्माने समजूत घातली नाही. पिशवीतून त्यांचा अजून दाखल न केलेला अर्ज काढून त्यांच्या हातात ठेवला आणि उठली. रस्त्यावर येऊन ती बस थांब्याच्या कठड्यावर बसली आणि दोन बस तिने तशाच जाऊ दिल्या. तिसरीत चढली तेव्हा यादीतलं पुढचं नाव तिने पाहून ठेवलेलं होतं.

शरच्चंद्र म्हणाले होते तसंच झालं. पुढचे दोन महिने गाळ्यात खुर्च्या रिकाम्या राहिल्या. त्या रिकाम्या वेळात करिष्माने दुसरा रस्ता शोधला. तळवड्याच्या आयटी पार्कमधली ऋचा नावाची एक इंजिनिअर शनिवारी केंद्रात यायची. ती म्हणाली, "ताई, बऱ्याच अ‍ॅप्समध्ये आवाज फोनमध्ये थांबतच नाही. इंटरनेटवरून कंपनीकडे जातो, तिथे त्याची अक्षरं होतात आणि ती परत येतात. पण फोनच्या आतच लिहिणारीही असतात. तसलं बघू या."

"पण ते खरंच आत लिहितंय, हे मला कसं कळणार?"

ऋचाने फोनवरची विमानाची खूण दाबून इंटरनेट बंद केलं. "आता बोला. तरी लिहिलं, तर अक्षरं इथेच होतायत. आणि बाहेर काही पाठवायची परवानगीही या अ‍ॅपला नाही, ते मी तपासलंय."

लिहिलं, पण फार वाईट लिहिलं. 'प्रेस'चं 'प्रेत' केलं, 'साचा'चा 'चाचा'. करिष्मा नेटाने रोज तासभर त्याच्यापुढे वाचत बसायची, चुकलेलं डाव्या हाताने सुधारायची. कोणते शब्द कसे उच्चारले की ते नीट पकडतं, हे तिने हळूहळू हेरलं. कामाची पद्धतही बदलली. माणूस बोलत असेल तोवर फोन टेबलावर नाहीच. आधी सगळं ऐकायचं. काय लिहायचं आणि काय नाही, हे त्याच्याशी ठरवायचं. मग इंटरनेट बंद करून फोन त्याच्याच हातात द्यायचा, बटणही त्यालाच दाबू द्यायचं, आणि तिने फक्त ठरलेलं बोलायचं. नाव म्हणून 'अर्जदार'. खरं नाव कागदावर, पेनाने.

लोक हळूहळू यायला लागले. गल्ली गोळा करणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या भावाला पाठवलं. "ती बाई घरी येऊन चूक सांगते, तिच्याकडं जा," असं तो म्हणाल्याचं भावाने सांगितलं. शरच्चंद्रांनी ते ऐकलं आणि पंख्याचा वेग वाढवून दिला.

पाचव्या महिन्यात, एका बुधवारी दुपारी, कौशल्याबाई आल्या. भाजलेल्या हातावर पदर घेतलेला. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "रणजीतला म्या सांगितलं."

करिष्माने हातातलं पेन खाली ठेवलं.

"म्हनलं, तू कागद आणलास ह्ये म्या त्या पोरीला सांगितलंया, आन् ते कुटंतरी पडून हाय. दुसऱ्याकडनं कळन्यापरीस माझ्याकडनं कळू दे. उठून भाईर गेला, मागारी आला. मंग म्हनला, आये, माझीबी हकिगत लिहून घेत्याल का?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आता लिही. समदं लिही. पर ते विमान आदी दाखीव मला."

करिष्माने फोन त्यांच्या हातात दिला. बाईंनी विमानाची खूण स्वतः दाबली, पेटली का ते दोनदा पाहिलं, मग बटणावर अंगठा ठेवून तिच्याकडे बघून मान हलवली. करिष्माने सावकाश, स्पष्ट उच्चार करत बोलायला सुरुवात केली. 'साचा' बरोबर उमटला.

पुढच्या आठवड्यात रणजीत आला आणि त्याने स्वतःचं निवेदन दिलं. दोन्ही कागद एकत्र कारखाना निरीक्षकांकडे गेले. चौकशी लागायला तीन महिने गेले, पण लागली. कौशल्याबाईंचा अपघात कारखान्यात झाला, अशी नोंद झाली आणि त्या साच्यांवर जाळ्या बसल्या. रणजीतला ठेकेदाराने पुढे कामावर ठेवलं नाही. तो आता दुसरीकडे कामाला जातो. जाताना केंद्रात डोकावतो, कधी शरच्चंद्रांशी दोन शब्द बोलतो.

करिष्माच्या यादीतली एकोणऐंशी नावं खोडून झाली आहेत. चौघांचा पत्ता लागत नाही. खोली बदलली, नंबर बदलला, कुणी गावी गेलं. त्यांतल्या एकीला, गोजाबाईला, तळेगाव दाभाड्याच्या एका पॅकिंग युनिटमध्ये पाहिल्याचं कुणीतरी सांगितलं. युनिटचं नाव माहीत नाही; तिथली सुट्टी गुरुवारी नसते, एवढंच कळलं. तिथे अशी युनिटं किती आहेत, असं शरच्चंद्रांनी विचारलं.

"असतील चाळीसेक," करिष्मा म्हणाली. "गुरुवारी दहा करीन."