दहा लाख एक तोडणाऱ्या जिजी

जिजींच्या तावडीत आकडा सापडला की तुटल्याशिवाय सुटत नसे. एसटीच्या तिकिटावरचा नंबर मी वाचून दाखवायचा आणि तुरीच्या शेंगा सोलता सोलता त्या त्याचे तुकडे करायच्या. न तुटणाऱ्या, म्हणजे कशानेही भाग न जाणाऱ्या आकड्याला त्या हट्टी म्हणत. "ऱ्हाऊ दे त्याले, हट्टी शे."

साठ साल उजाडायच्या थोडं आधी प्रकाशा गावच्या शाळेत मी गणिताचा मास्तर म्हणून आलो आणि जिजींकडे खोली घेतली. जिजी कधी शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. बापाने शेतात तोंडी पाढे शिकवले, तेवढेच. मी मात्र बी.एस्सी. होतो, आणि हे गावातल्या बैलांनाही कळेल अशी व्यवस्था मी केली होती.

तपासणीला साहेब येणार होते. छाप पाडायला मी धडा ठरवला : दहा लाख एक या संख्येला कशानेही भाग जात नाही. एकोणीसपर्यंत भागून पाहिलं, मग कंटाळा आला. त्या कंटाळ्यालाच मी सिद्धता मानलं. आदल्या दिवशी जिजींसमोर तालीम केली.

शेंगा सोलणारे हात थांबले. "मास्तर, हाऊ तं तुटस! दहा हजारम्हा एकशे एक नव्व्याण्णव येळा जास, एक उरस. दहा लाख म्हंजे दहा हजार शंभर येळा. मंग शंभर उरनात. त्याम्हा तुन्हा वरला एक टाक. व्हयनात ना एकशे एक?"

मी रात्रभर खोट शोधली. नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर मी तीच रीत फळ्यावर मांडली. "ही युक्ती तुमची?" साहेबांनी विचारलं. मी मान खाली घातली. त्यांनी तो विनय समजून उत्तम शेरा दिला.

रात्री जेवताना जिजींना सगळं सांगितलं.

"मन्हं नाव लेता तं तुन्ही जीभ झडती का?" एवढंच त्या बोलल्या. पुढे दोन दिवस भाकरी वाढली, पण एकही आकडा मागितला नाही.

तिसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांना खरं सांगितलं आणि साहेबांनाही पत्र लिहिलं. हेडमास्तरांनी जिजींनाच वर्गावर बोलावलं. त्या नवं लुगडं नेसून आल्या. मी ऐटीत खडू पुढे केला.

"माले लिखता येत नही," त्या हळूच म्हणाल्या.

वर्षभर त्यांना तिकिटं वाचून दाखवणाऱ्या या बी.एस्सी.ला ते कळलं नव्हतं! मग त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. दहा लाख एक फळ्यावर उमटला, तशा त्या जवळ गेल्या आणि बोटाने एकेक शून्य चाचपलं. "हाऊ असा दिखस?" त्यांचे डोळे भरून आले होते.

जाताना मुलांना म्हणाल्या, "तुमना मास्तर लिखस मातर झकास."

पुढे माझी बदली झाली, काही वर्षांनी जिजीही गेल्या. नोकरीत मला बरेच शेरे मिळाले. जिजींच्या शेऱ्याइतका अचूक एकही नव्हता.