कमी म्हणजे किती?

चष्म्याच्या दुकानात ती गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम नीट बसवून द्यायची. समोरचा चेहरा वीतभर अंतरावर, त्यामुळे तिशी उलटल्यावर हनुवटीवर उठलेल्या मुरुमांनी तिला नकोसं करून सोडलं होतं. त्वचेच्या डॉक्टरांनी रेटिनॉइड क्रीम लिहून दिलं: रोज झोपताना, वाटाण्याएवढं. पहिले काही आठवडे कातडी सोलवटली, मुरुम उलट वाढले. तिने नेटाने सोसलं. तिसऱ्या महिन्यात चेहरा निवळला आणि त्याच महिन्यात पाळी चुकली.

चाचणीवर दोन रेघा उमटल्या. लग्नानंतर आठ वर्षांनी! पण आनंद व्हायच्या आधीच तिला खोक्यातला कागद आठवला: गरोदरपणी वापरू नये. डॉक्टरांनी विचारलं होतं, तेव्हा हिनेच हसून उडवून लावलं होतं, "आता कसलं मूल होतंय!"

तिने तो कागद नणंदेला दाखवला. नणंदेने त्वचेच्या डॉक्टरांना फोन लावून दिला.

"क्रीम आजपासून बंद," डॉक्टर म्हणाल्या. "पण घाबरू नका. याच औषधाच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. क्रीम त्वचेतून रक्तात फारच थोडं उतरतं, बाळात व्यंग येण्याचा धोका अगदी कमी. बाळंतपणाच्या डॉक्टरांना मात्र सगळं सांगा."

"कमी म्हणजे किती हो?"

तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या. "वहिनी, आता तरी हस," नणंद म्हणायची. तो 'कमी' मात्र आठ महिने हिच्या मानगुटीवर बसून होता.

मुलगी झाली. नर्सने गुंडाळून हातात दिली, तसं हिने दुपटंच सोडलं.

"अहो, गारठेल ना ती!"

हिने आधी दोन्ही कान पाहिले, ओठ पाहिले, बोटं मोजली. मग कुठे तिला रडू फुटलं.